कुपवाडचं व्याकरण: शब्द आपापले, वाक्य सामाईक

सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या नावातलं शेवटचं गाव जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवलं जातं, हे खुद्द कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत रोज कामाला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. परदेशी विद्यार्थी त्याचा उच्चार 'कुपवार' असा करतात, कारण मूळ लेखात रोमन लिपीत तसं छापलं गेलं. दोन भाषा शेजारीशेजारी शेकडो वर्षं नांदल्या तर त्यांची व्याकरणं एकमेकांत किती मिसळू शकतात, या प्रश्नावर गेली पन्नासहून जास्त वर्षं ज्या मोजक्या उदाहरणांचा दाखला दिला जातो, त्यांत कुपवाड वरच्या क्रमांकावर आहे.

लेख आहे जॉन गुंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांचा. जमैकातल्या मोना इथे 1968 मध्ये मिश्रभाषांवर एक परिषद झाली. तिथल्या निबंधांचं डेल हाइम्स यांनी संपादित केलेलं पुस्तक 1971 मध्ये केंब्रिजहून निघालं आणि त्यात हा निबंध आला. पानं वीससुद्धा नाहीत, पण त्यावर पुढे लिहिलं गेलेलं साहित्य कितीतरी पट मोठं आहे.

गुंपर्झ हे मूळचे जर्मन ज्यू. 1922 साली हाटिंगन या गावी जन्मले, नाझींच्या काळात देश सोडून अखेर अमेरिकेत पोचले. आधी रसायनशास्त्र शिकले, मग भाषाविज्ञानाकडे वळले. मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांची बोली हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. 1950 च्या दशकात ते उत्तर प्रदेशातल्या खलापूर गावात काम करत होते. गावात कोण कोणाशी कसं बोलतं आणि जातीची भिंत बोलण्यात कुठे दिसते, हा त्यांचा कायमचा शोध. त्यामुळे कुपवाडला आल्यावर त्यांनी फक्त शब्दांची यादी केली नाही. बोलणाऱ्याच्या हातात जमीन आहे की नाही, हेही पाहिलं.

गाव

साठच्या दशकातलं कुपवाड म्हणजे सुमारे तीन हजार वस्तीचं गाव. महाराष्ट्र होऊन काहीच वर्षं झाली होती. जिल्ह्याचं 'दक्षिण सातारा' हे नाव बदलून 'सांगली' झालं ते 1960 मध्ये. पलीकडच्या राज्याला तेव्हा अजून म्हैसूर म्हणत, आणि ती हद्द गावापासून फार लांब नव्हती.

या तीन हजार माणसांत चार भाषा होत्या. जमीन प्रामुख्याने जैनांकडे. ते घरी कानडी बोलत, आणि कारागिरी करणारे लिंगायतही कानडीच बोलत. मुसलमान शेतकऱ्यांची घरची भाषा उर्दू, म्हणजे आपण जिला दखनी म्हणतो ती. तेव्हाच्या भाषेत अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या भूमिहीन मजुरांच्या घरी मराठी. आणि दोर वळणाऱ्यांची काही घरं होती, त्यांची भाषा तेलुगू. यातली कानडी आणि मराठी या मुलखात सहाशेहून अधिक वर्षं शेजारी आहेत, दखनीही तीन-चारशे वर्षांची.

गावातले जवळजवळ सगळे पुरुष एकाहून जास्त भाषा बोलत. गावात कोणी कौतुकाने 'अमक्याला चार भाषा येतात' म्हणायचं कारण नव्हतं. मिरजेच्या बाजारात, बांधावर, गिरणीवर ते लागायचंच. बहुभाषिकतेचा हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी 1972 च्या सुमारास मुंबईतल्या एका गुजराती मसाला व्यापाऱ्याचं चित्र रेखाटलं होतं: घरात गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, धंद्यातल्या लोकांशी कच्छी आणि कोकणी, क्वचित कधी इंग्रजी. त्या व्यापाऱ्याला प्रत्येक भाषेतलं सगळंच येत असे असं नाही. त्या त्या जागी लागेल तेवढं येत असे. पंडितांचा मुद्दा असा की इथे माणूस नवी भाषा शिकतो तेव्हा जुनी टाकून देत नाही.

कुपवाडमध्येही कोणी भाषा टाकली नाही. शतकानुशतकं एका गावात राहून जैन घर कानडीच राहिलं आणि मुसलमान घर उर्दूच. अमेरिकेत दोन-तीन पिढ्यांत स्थलांतरितांची भाषा विरघळून जाते, हे पाहिलेल्या गुंपर्झना याचंच आधी नवल वाटलं असावं. पण लेखातला खरा धक्का वेगळा होता. भाषा टिकल्या होत्या, पण त्यांचे सांगाडे एकमेकांसारखे झाले होते.

वाक्यं

या लेखातलं सर्वांत गाजलेलं वाक्य हे. जनावरांसाठी किंवा घरासाठी पाला कापून आणलेला माणूस सांगतोय:

कुपवाडची उर्दू: पाला जरा काट के ले के आया.
कुपवाडची मराठी: पाला जरा कापून घेऊन आलो.
कुपवाडची कानडी: ताप्ला जरा खोदी तगोंडी बैन.

खाली बोट धरून वाचलं तर तिन्ही वाक्यं तुकड्यागणिक जुळतात. 'काट' तिथे 'काप' तिथे 'खोद'. त्यामागचा 'के', 'ऊन', 'ई' हा प्रत्ययही त्याच जागी. पुढे 'ले', 'घे', 'तगोंड' आणि पुन्हा तोच प्रत्यय. शेवटी येण्याचं क्रियापद. वाक्य एकदा मनात जुळवलं की शब्द कुठल्या खणातले काढायचे एवढंच ठरवायचं उरतं. गुंपर्झ आणि विल्सन यांचा दावा नेमका हाच होता: गावात एका भाषेतून दुसरीत जाताना लोक ज्या बोली वापरतात, त्यांची वाक्यरचना वरवर पाहता एकच आहे, फरक उरलाय तो शब्दांचा आणि प्रत्ययांच्या रूपांचा.

मला मात्र पाठ्यपुस्तकांनी हेच वाक्य उचलावं याचं आश्चर्य वाटतं. पुराव्याच्या दृष्टीने ते लेखातलं कच्चं वाक्य आहे. '-ऊन' लावून क्रियांची माळ ओवायची पद्धत कुपवाडची नाही, ती जवळपास सगळ्या भारताची आहे. लखनौचा माणूस 'काटकर ले आया' म्हणेल आणि म्हैसूरचा 'कोय्दुकोंडु बंदे'. दोघे कधी भेटले नाहीत तरी त्यांची वाक्यं बऱ्यापैकी जुळतील. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1956 मध्येच दाखवून दिलं होतं की इंडो-आर्य (मराठी, उर्दू) आणि द्राविड (कानडी, तेलुगू) ही दोन वेगवेगळी कुळं असूनही कित्येक लकबी साऱ्या उपखंडाच्या सामाईक आहेत. तेव्हा पाल्याच्या वाक्यातला जुळेपणा किती कुपवाडचा आणि किती भारताचा, हे वेगळं काढता येत नाही. त्यातून 'पाला' आणि 'जरा' हे शब्दही दोन-तीन भाषांत तेच, त्यामुळे डोळ्यांना ती ओळ आहे त्याहून जास्त जुळलेली दिसते.

खरा पुरावा किरकोळ वाटणाऱ्या वाक्यांत आहे. 'हे तुमचं घर आहे' हे वाक्य घ्या. मराठीत 'आहे' लागतं, उर्दूत 'है' लागतं. प्रमाण कानडीत काहीच लागत नाही. 'इदु निम्म मने', म्हणजे 'हे तुमचं घर', एवढ्यावर वाक्य पुरं होतं. कुपवाडचा कानडी माणूस मात्र 'इद निम मनी ऐती' म्हणतो. द्राविड भाषेला गरज नसलेलं 'आहे' त्याने वाक्याच्या शेवटी बसवलं. शब्द कानडीच आहे, कुठून उसना आणलेला नाही. पण तो तिथे हवा ही सवय शेजारच्या भाषांची.

आता उलट दिशेचं. मराठी आणि उर्दू, दोन्हींत निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं आणि ते पाठच करावं लागतं. दगड तो, भिंत ती. कानडीत हा ताप नाही. पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, बाकी सगळं नपुंसक. लिंग अर्थावरून कळतं. कुपवाडच्या उर्दूने ही सोय उचलली. माणसांपुरती स्त्रीलिंगी रूपं राखली, इतरांना एकच साचा. नदीला पूर आला हे सांगताना तिथे 'नदी आया' म्हणतात. लखनौच्या कानाला ही चूक वाटेल. कानडी कानाला मात्र ते अगदी सरळ आहे, नदी म्हणजे काही बाई नाही. गावची मराठीही याच दिशेने ढळलेली लेखकांना आढळली.

आणि एक लकब मराठीकडून गेलेली. 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ' यांतला फरक मराठी मूल कोणी न शिकवता शिकतं: पहिल्यात समोरचा वगळलेला, दुसऱ्यात धरलेला. प्रमाण उर्दूत दोन्हीला 'हम'. कुपवाडच्या उर्दूने 'हम' वगळणाऱ्या अर्थाला ठेवला आणि धरणाऱ्या अर्थाला 'अपुन' घेतला. हा भेद द्राविड भाषांत जुना आहे, तेलुगू आणि तमिळमध्ये आजही आहे, मराठीत तो तिकडूनच आला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. पण आजच्या कानडीत तो उरलेला नाही. म्हणजे द्राविड मुळाची वाटणारी एक गोष्ट इथे उर्दूला इंडो-आर्य मराठीच्या हातून मिळाली.

एकूण हिशेबात सगळ्यांत जास्त बदलली ती उर्दू, मग कानडी. मराठीला त्या मानाने कमी झळ बसली.

शब्द का नाही, व्याकरण का?

भाषासंपर्काचा नेहमीचा नियम याच्या उलट आहे. आधी शब्द उसने येतात. टेबल, पेन्सिल, बादली हे सगळं मराठीत आलं आणि वाक्यरचनेला ओरखडाही उठला नाही. व्याकरण हलायला फार खोल आणि फार लांबचा शेजार लागतो, तोपर्यंत शब्दांचा तर पूर लोटलेला असतो. कुपवाडमध्ये व्याकरण हललं आणि घरच्या भाषेची ओळख सांगणारे शब्द व प्रत्यय जागच्या जागी राहिले. सेरा थॉमसन आणि टेरेन्स कॉफमन यांनी 1988 मध्ये भाषासंपर्काची मोठी मांडणी केली, तेव्हा त्यांनाही या गावाची दखल घ्यावी लागली.

गुंपर्झ आणि विल्सन यांचं स्पष्टीकरण सामाजिक आहे, आणि ते मला अजूनही लेखाचा सर्वांत भक्कम भाग वाटतो. गावात दोन गोष्टी एकाच वेळी हव्या होत्या. शेतीची कामं, उधारी, पंचायत यांसाठी सगळ्यांना सगळ्यांशी रोज बोलायला लागे. पण लग्न, जेवण, पूजा-नमाज हे सगळं आपापल्या उंबऱ्याच्या आत होतं, आणि ते आत राहावं अशी सर्वांची इच्छा होती. उंबऱ्याच्या आतलेपणाची खूण म्हणजे घरची भाषा. ती सोडली असती तर आपण कोण हे सांगायचं एक साधन गेलं असतं. म्हणून भाषा वेगळी ऐकू आली पाहिजे, आणि ऐकू येतात ते शब्द. वाक्यात क्रियापद कुठे बसतं आणि नदीला कोणतं लिंग आहे, यावरून कोणी कोणाची जात ओळखत नाही. तिथे सोय जिंकली. जिथे ओळख होती तिथे वेगळेपण, जिथे फक्त मेहनत होती तिथे एकी.

मिश्र घोळक्यात मराठी वापरली जाई. तिला लेखकांनी तटस्थ भाषा म्हटलंय, कारण ती जमीनदार जैनांचीही घरची नव्हती आणि मुसलमानांचीही नव्हती. इथे मला थांबावंसं वाटतं. ती गावातल्या सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवलेल्या माणसांची घरची भाषा होती. त्यांच्या भाषेला चावडीवर जागा मिळाली ती त्यांच्यामुळे नव्हे. तीच भाषा सांगलीच्या कचेरीची, तलाठ्याच्या दप्तराची आणि शाळेची होती, म्हणून मिळाली. मराठी बोलणाऱ्या जैनाला मजुराच्या भाषेत उतरल्यासारखं वाटत नसणार. तो सरकारी भाषेत बोलत होता. मजुराला मात्र घरची आणि चावडीची भाषा एकच असल्याने, इतरांना भाषेच्या आडोशाने जो खासगीपणा मिळे, तो कधी मिळाला नसावा. 'तटस्थ' हा शब्द वरून पाहणाऱ्याचा आहे. आणि जमिनीच्या मालकांची घरची भाषा कानडी असताना, चावडीवर मराठी असूनही उर्दूने लिंगव्यवस्था कानडीकडून घ्यावी, यातही गावातलं वजन कोणाकडे होतं ते थोडंफार दिसतंच.

डोक्यात काय होत असेल

सामाजिक कारण 'का' सांगतं, 'कसं' सांगत नाही. एखादा माणूस काही ठरवून 'आजपासून मी कानडीत ऐती लावणार' म्हणत नाही.

इथे प्रयोगशाळेतलं काम उपयोगी पडतं, जरी ते कुपवाडसाठी झालेलं नसलं तरी. कॅथ्रिन बॉक यांनी 1986 मध्ये दाखवलं की एखादी वाक्यरचना नुकतीच कानावर किंवा तोंडात येऊन गेली असेल, तर पुढच्या, अगदी वेगळ्या विषयावरच्या वाक्यातही माणूस तीच रचना वापरण्याची शक्यता वाढते. पुढे रॉबर्ट हार्टसाउकर, मार्टिन पिकरिंग आणि एलिन वेल्टकँप यांनी 2004 मध्ये हाच प्रयोग दोन भाषांत केला. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही येणारी माणसं जोडीने चित्रांचं वर्णन करायची. जोडीदाराने स्पॅनिशमध्ये कर्मणी रचना वापरली, तर उत्तर इंग्रजीत देणाऱ्याच्या तोंडीही कर्मणी रचना जास्त येई. शब्द एकही सामाईक नव्हता. म्हणजे रचना डोक्यात भाषेनुसार पूर्ण वेगवेगळी साठवलेली नसावी. जिथे दोन भाषांच्या रचना पुरेशा सारख्या आहेत, तिथे मेंदू एकच साचा दोघींना वापरत असावा.

आता हाच परिणाम एका चित्रापुरता नको, दिवसाचे बारा तास, आयुष्यभर, आणि पिढ्यान् पिढ्या होतोय असं धरा. बांधावर मराठीत 'हे तुमचं शेत आहे' म्हणून झालं, लगेच वळून भावाला कानडीत तेच सांगायचंय. नुकताच 'आहे' उच्चारलेल्या जिभेला शेवटी काहीतरी ठेवावंसं वाटतं. कानडीत 'ऐती' हा शब्द आहेच, इतर जागी वापरातही आहे. तो पुढे सरकतो. एकदा चुकून, दहादा सवयीने, आणि भावाच्या मुलाने ऐकलं ते पहिल्यापासून 'ऐती' लावलेलंच. प्रयोगशाळेपासून गावापर्यंतचा हा पूल माझा अंदाज आहे, पण यापेक्षा चांगली यंत्रणा मला सुचत नाही. शब्द मात्र असे आपोआप घसरत नाहीत, कारण शब्द निवडताना माणसाचं लक्ष असतं. समोर कोण आहे हे पाहूनच तो निवडला जातो.

या अंदाजात एक अडचण आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त खुपते. लेख सांगतो की बहुभाषिक होते ते मुख्यतः पुरुष. मूल भाषा शिकतं ते मात्र आधी आईकडून, आजीकडून, घरात, म्हणजे ज्या जागी एकच भाषा चालते त्या जागी. बांधावरच्या पुरुषांच्या कानडीत 'ऐती' शिरलं असेल, ते चुलीपाशी कसं पोचलं? की बायकाही लेखकांना वाटल्या त्यापेक्षा जास्त भाषा जाणत होत्या, फक्त परक्या पुरुषांसमोर बोलत नव्हत्या? पाणवठा, भांगलण, बाजार या काही फक्त पुरुषांच्या जागा नव्हेत. आपल्याकडच्या खेड्यात शेतमजुरीवर जाणाऱ्या बाईच्या तोंडी दोन भाषा नसतील हे मानणं मला जड जातं.

आक्षेप

पहिला गंभीर आक्षेप भाषाशास्त्रज्ञ मंगेश नाडकर्णी यांच्याकडून आला. 1975 मध्ये त्यांनी कर्नाटकातल्या सारस्वतांच्या कोकणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कोकणीत असं वाक्य सापडतं: 'खंचो म्हांतारो पेपर वाच्चत आस्स की, तो डाक्तरु आस्स.' जो म्हातारा पेपर वाचतोय तो डॉक्टर आहे. गोव्याचा कोकणी माणूस 'जो' ने सुरुवात करेल. इथे प्रश्नार्थक 'खंचो' आणि शेवटी 'की' ही मांडणी कानडीची आहे, शब्द कोकणी. म्हणजे कुपवाडसारखंच. पण एक मोठा फरक आहे. सारस्वतांना सगळ्यांना कानडी येते, शेजारच्या कानडी लोकांना कोकणी येत नाही. वाहतूक एकेरी. व्याकरण वाकायला दोन्ही बाजूंनी बहुभाषिकता लागतेच असं नाही. एका समाजातले सगळे, दीर्घकाळ आणि खोलवर द्विभाषिक असले की पुरे. कुपवाडमध्ये जे सर्वांचं समसमान मिसळणं वाटतं, ते कदाचित अशा अनेक एकेरी वाटांचं जाळं असेल.

दुसरा आक्षेप तुलनेच्या मापाचा. कुपवाडच्या उर्दूची तुलना प्रमाण उर्दूशी केली तर फरक डोळ्यांत भरतो. पण ती उर्दू दिल्लीहून थेट कुपवाडात आली नव्हती. दखनी साऱ्या दख्खनभर मराठी, कानडी, तेलुगूच्या सोबतीने शेकडो वर्षं वळत आली आहे. हैदराबादी माणसाचा 'नको' मराठीतून गेला, आणि कारण सांगताना येणारा त्याचा 'बोलके' तेलुगूच्या धाटणीचा. म्हणून कुपवाडात दिसणारे काही बदल गावात यायच्या आधीच झालेले असू शकतात. कानडीचंही तेच. 'ऐती' हे रूप धारवाड-विजापूरकडे सर्रास ऐकू येतं, तर माप बंगळूरचं कशाला लावायचं? आणि मराठीचं म्हणाल, तर 'मी काम केलो' असं सोलापूरकडे आणि बेळगावकडे बोलणारा माणूस पुण्यात हसू झेलतो. पण त्याच्या क्रियापदाने कर्माऐवजी कर्त्याशी जुळवून घेतलंय, कानडीत असतं तसं. कुपवाड हे बेट नव्हे. खानापूर-चंदगडपासून अक्कलकोटपर्यंतच्या पट्ट्यात ही देवाणघेवाण जागोजागी, वेगवेगळ्या प्रमाणात दिसते. गुंपर्झ-विल्सन यांच्या गावाचं वैशिष्ट्य एवढंच की तिथे कोणीतरी बसून ती लिहून काढली.

हाच धागा पुढे ओढला तर मराठीच्या जन्मापर्यंत जातो. त्याच 1971 च्या पुस्तकात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा निबंध आहे. त्यांचं म्हणणं, आज कुपवाडात चाललंय तसलं काहीतरी मराठी घडतानाच झालं असावं, इंडो-आर्य शब्द आणि बराचसा द्राविड सांगाडा. ते सगळ्यांना पटलेलं नाही, आणि त्यासाठी वापरलेली मिश्रभाषेची कल्पना मलाही ताणलेली वाटते. पण 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद आपल्याकडे का आहे आणि हिंदीकडे का नाही, याचं दुसरं सोपं उत्तरही कोणाकडे नाही.

चाळीस वर्षांनी

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या सोनल कुलकर्णी-जोशी सुमारे चार दशकांनी कुपवाडला परत गेल्या आणि 'शब्द वेगळे, वाक्य एकच' हा साचा तपासून पाहिला. त्यांच्या कामाचा रोख असा की तो साचा आजच्या गावाला जसाच्या तसा बसत नाही. मधल्या काळात गाव बदललं होतं. औद्योगिक वसाहत आली, 1998 मध्ये महानगरपालिका झाली, सांगली आणि मिरजेच्या मधली मोकळी जागा भरली. मराठी शाळेची, नोकरीची आणि राज्याची भाषा झाली. पूर्वी प्रत्येकाला शेजाऱ्याची भाषा थोडीफार लागत असे. आता सगळ्यांना मराठी येत असेल तर कानडी किंवा उर्दू शिकायची गरज मराठीभाषकाला उरत नाही. वाहतूक एकेरी होत चालली, थेट नाडकर्णींच्या सारस्वतांसारखी, आणि कानडीचा कल मराठीकडे झुकत गेला.

म्हणजे 1971 चा लेख चुकीचा होता का? मला तसं वाटत नाही. तो ज्या गावाबद्दल होता, ते गाव गेलं. लेखकांनी मात्र टिपलेल्या क्षणाला एका स्थिर व्यवस्थेचं रूप दिलं, जणू ती अशीच चालत राहणार. त्यामागचा तोल जमीन, जात आणि एकमेकांची गरज यांवर उभा होता. त्यातलं काय काय जायला हवं होतं, हे कुपवाडच्या मराठी वस्तीतल्या माणसाला विचारलं असतं तर त्याने भाषेच्या अभ्यासकांइतकी हळहळ केली नसती.

एक गोष्ट मात्र कायमची हुकली असं वाटतं. लेखातली सगळी तुलना तीन भाषांची आहे. दोर वळणाऱ्यांची तेलुगू गावात होती, पण घरं थोडी, म्हणून ती विश्लेषणाबाहेरच राहिली. तेलुगूही कानडीसारखीच 'आहे' शिवाय वाक्य पुरं करते: 'इदि मी इल्लु', हे तुमचं घर. तिचे बोलणारे संख्येने सगळ्यांत कमी होते, त्यांची भाषा शिकायची गरज इतर कोणाला नव्हती, आणि त्यांना मात्र सगळ्यांच्या भाषा लागत असणार. 'ऐती' कानडीत गावातल्या देवाणघेवाणीने आलं की आधीच उत्तरेकडच्या कानडीत होतं, हे ठरवायला याहून चांगली कसोटी नव्हती. त्या घरांमधल्या तेलुगूतही वाक्याच्या शेवटी 'आहे' ला जोड शब्द बसू लागला असता, तर गुंपर्झ-विल्सन यांचा दावा एका ओळीत पक्का झाला असता. नसता बसला, तर समसमान मिसळण्याच्या कल्पनेला तिथेच खीळ बसली असती.